बेट, रान आणि पायवाट : लातूर-नांदेड परिसरातील सोप्या वनवाटा व त्यांची भाषा

मोठ्या नगराच्या वेशीपाशीच वन असावे आणि सकाळी घराबाहेर पडलेल्या नागरिकाला त्यातून हिंडून दुपारच्या जेवणाला परतता यावे, हे भाग्य थोड्याच शहरांच्या वाट्याला आलेले आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानामुळे मुंबईकरांना ते लाभले. १०० चौरस किलोमीटरांहून अधिक विस्ताराच्या त्या वनात कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटा लहान मुलांना व वृद्धांनाही झेपण्यासारख्या आहेत. पुणेकरांना वेताळ टेकडी जवळ आहे. मराठवाड्याच्या आग्नेय भागाकडे वळताच मात्र हे चित्र पालटते. लातूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,१५७ चौरस किलोमीटर असून त्यातील वनाच्छादन एका टक्क्याहूनही कमी आहे. विस्ताराने मोठ्या असलेल्या नांदेड जिल्ह्यात वन आहे. परंतु त्याचा बराचसा भाग किनवट व माहूर या ईशान्येकडील तालुक्यांत एकवटलेला असून नांदेड शहरापासून तो शंभराहून अधिक किलोमीटर दूर पडतो.

असे असले तरी या दोन शहरांच्या रहिवाशांना पायी हिंडण्यासारखी झाडीची ठिकाणे मुळीच नाहीत, असे समजणे चुकीचे ठरेल. ती आहेत, पण ती सलग वनाच्या रूपाने नसून शेतांच्या विस्तीर्ण पसाऱ्यात उभ्या असलेल्या एकेकट्या उंचवट्यांच्या रूपाने आहेत. त्यांपैकी लातूर जिल्ह्यातील दोन प्रसिद्ध उंचवट्यांना लोकांनी दिलेले नाव 'बेट' असे आहे. चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथचे बेट हे एक, आणि उदगीरकडील देवर्जन गावाजवळचे हत्तीबेट हे दुसरे. समुद्र तर सोडाच, बारमाही वाहणारी नदीही ज्यांच्या पायथ्याशी नाही, अशा टेकड्यांना बेट का म्हणावे, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला पडल्यावाचून राहत नाही. प्रस्तुत लेखात या वाटांचा परिचय आणि या प्रश्नाचा विचार एकत्र केला आहे; कारण ही झाडी तेथे का टिकली याचे उत्तर आणि तिला ते नाव का पडले याचे उत्तर, ही दोन्ही एकमेकांपासून फारशी दूर नाहीत.

प्रथम भूमीचे स्वरूप पाहिले पाहिजे. लातूर शहर ज्या पठारावर वसले आहे ते बालाघाटच्या डोंगररांगेचा भाग होय. 'बालाघाट' या नावातील 'बाला' हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ 'वरचा' असा आहे. घाटावरचा तो बालाघाट आणि घाटाखालचा तो पायानघाट, अशी जोडी वऱ्हाडातही होती व कर्नाटकातही होती. म्हणजे हे नाव मूळचे एखाद्या शिखराचे नव्हे, वरच्या प्रदेशाचे आहे. आणि प्रवाशाचा अनुभवही तसाच आहे. एकदा वर चढून आले की पुढे कोसचे कोस सपाटी लागते. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा प्रदेश बनला. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून मागे हटले आणि कठीण थरांच्या कडा पुढे राहिल्या. त्यामुळे येथील टेकड्यांना शंकूसारखे टोक नसते, तर त्यांचा माथा सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचा असतो. थोडा चढ, मग बरीच सपाटी, पुन्हा थोडा चढ, असा क्रम चालणाऱ्याला मिळतो. येथील वाटा सोप्या का आहेत, याचे कारण असे खडकातच आहे.

मातीचाही विचार येथेच केलेला बरा. सखल भागातील काळी माती पावसाळ्यात पायाला चिकटून मणभर होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर पायवाट वर्षानुवर्षे एका जागी टिकत नाही. नांगर फिरला की ती मोडते आणि नव्याने पडते. उंचवट्यावरची मुरमाड जमीन नांगराच्या उपयोगाची नसते. तेथे पडलेली वाट पडलेलीच राहते, पाऊस झाल्यावर तासाभरात निथळते, आणि तिच्यावर गुरे व गुराखी नित्य चालत असल्याने तिच्यात झुडपे वाढत नाहीत. जुन्या वाटा पाहावयाच्या असतील तर माळावरच पाहिल्या पाहिजेत, काळ्या रानात नव्हे.

लातूरहून नांदेडला जाणारा महामार्ग चाकूर, अहमदपूर व लोहा या गावांवरून जातो आणि या लेखातील दोन ठिकाणे त्याच्याच आसपास आहेत. पहिले वडवळ नागनाथ. येथे रेल्वेस्थानकही आहे. गावापासून काही अंतरावर असलेली टेकडी 'संजीवनी बेट' या नावाने सर्वत्र ज्ञात आहे. तिच्यावर औषधी वनस्पती विपुल असल्याची ख्याती फार दूरवर पोचलेली असून, हनुमंत द्रोणागिरी घेऊन जात असता त्याचा एक तुकडा येथे गळून पडला, अशी लोककथा तिच्यामागे आहे. टेकडी बुटकी, चढ सौम्य. पायथ्यापासून माथ्यापर्यंत जाऊन पलीकडच्या अंगाने उतरून येण्यास अर्धा दिवस पुष्कळ होतो. येथे उंच वृक्षांचे दाट छत्र पाहण्याची अपेक्षा ठेवू नये. हे झुडपांचे, वेलींचे आणि गवतात दडलेल्या लहान रोपांचे वन आहे. जो खाली पाहत चालेल त्यालाच ते दिसेल.

दुसरे ठिकाण वडेपुरी येथील रत्नेश्वरी देवीचा डोंगर. तो लोहा तालुक्यात असला तरी नांदेड शहराला जवळ आहे आणि नवरात्रात तेथे मोठी वर्दळ असते. वर्षाच्या इतर दिवसांत, विशेषतः पावसाळा सरता सरता, नांदेडकरांना एका सकाळीत करता येण्याजोगी ही चाल आहे. तिसरे हत्तीबेट. हे लातूरपासून तुलनेने दूर, उदगीरच्या बाजूस पडते. तेथे खडकात कोरलेल्या खोल्या आहेत, गंगाराम महाराजांची समाधी आहे, आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात रझाकारांविरुद्ध लढणाऱ्या तरुणांनी या टेकडीचा आश्रय घेतला होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्याआधीच्या महिन्यांतील या टेकडीच्या आठवणी त्या भागात आजही सांगितल्या जातात. सभोवतालच्या उघड्या शिवारात लपण्याजोगी जागा एवढीच होती, हे टेकडीवर उभे राहून चारी दिशांना पाहिले असता कोणाच्याही ध्यानात येते.

आता 'बेट' या शब्दाकडे वळू. प्रमाण मराठीत त्याचे दोन अर्थ रूढ आहेत. पाण्याने वेढलेली भूमी, हा पहिला. एका बुंध्यातून उठलेल्या झाडांचा दाट पुंजका, हा दुसरा. 'बांबूचे बेट' हा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. पहिला अर्थ आपल्या शेजारच्या आर्य भाषांतही आढळतो. गुजरातीत बेट म्हणजे द्वीप, आणि ओखामंडळाजवळचे बेट द्वारका हे त्याचे सर्वज्ञात उदाहरण. पंजाबीत सतलज व बियास या नद्यांच्या काठच्या सखल पूरक्षेत्राला बेट म्हणतात. या सर्व प्रयोगांत पाणी अभिप्रेत आहे. टेकडी कोठेही अभिप्रेत नाही.

टेकडी हा अर्थ शोधावयाचा तर कन्नडकडे पाहावे लागते. कन्नडमध्ये 'बेट्ट' म्हणजे डोंगर. म्हैसूरची चामुंडी बेट्ट, बंगळुराजवळची नंदी बेट्ट ही नावे प्रवाशांच्या ओठांवर असतात. ध्वनींच्या दृष्टीने 'बेट्ट' पासून 'बेट' होण्यात काहीच अडचण नाही. जोडाक्षर सुटे व्हावे, आधीचा स्वर दीर्घ व्हावा आणि अंत्य स्वर गळावा, हा मराठीचा नित्याचा क्रम आहे. कन्नड 'तुप्प' आणि मराठी 'तूप' यांचा जो संबंध सामान्यतः मानला जातो, तो याच साच्यातला आहे. इतिहासही प्रतिकूल नाही. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुराचे अधीश्वर' म्हणवीत, आणि ते लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर असे इतिहासकार मानतात. त्याच राजवंशातील अमोघवर्ष नृपतुंगाच्या सभेत नवव्या शतकात सिद्ध झालेल्या 'कविराजमार्ग' या ग्रंथात कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. ती अतिशयोक्ती म्हणून सोडून द्यावी, तर रित्ती व शेळके यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या नांदेड जिल्ह्यातील शिलालेखांच्या संग्रहात कन्नड लेख आहेतच. देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही. उदगीर व देगलूरच्या बाजारात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा आजही कानी पडतात.

इतके अनुकूल पुरावे हाती आले की निर्णय देण्याचा मोह होतो. मराठीतील स्थलनामांचे मूळ द्राविडीत शोधण्याच्या उत्साहात हा मोह अनेकांना आवरता आलेला नाही. शं. बा. जोशी यांनी १९५२ साली 'मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या' या ग्रंथात प्रश्न गंभीरपणे मांडले होते, त्यांच्या मागून आलेल्या काहींनी मात्र केवळ ध्वनिसाम्यावर इमले रचले. येथे एक विरोधी पुरावा नजरेआड करून चालणार नाही. 'बेट्ट' हा शब्द दक्षिण कर्नाटकात जितका रूढ आहे तितका उत्तर कर्नाटकात नाही. बिदर, कलबुर्गी, धारवाड या बाजूला डोंगराला नित्याचा शब्द 'गुड्ड' असा आहे. तेलुगूतही टेकडीला 'गुट्ट' म्हणतात. लातूरच्या मराठीने शेजाऱ्याकडून टेकडीचा शब्द उसना घेतला असता तर तो 'गुड्डा' किंवा तत्सम असावयास हवा होता. शिवाय 'हत्तीबेट' या नावातील पहिले पद कन्नड नाही. कन्नडमध्ये हत्तीला 'आने' म्हणतात. याचा अर्थ, हे नाव मराठी बोलणाऱ्यांनी ठेवले आणि ते ठेवताना 'बेट' हा शब्द त्यांना आपल्याच भाषेतील म्हणून अवगत होता.

तिसरी शक्यता गोदावरीच्या काठावर सापडते. कोपरगावचे बेट आणि वैजापूरच्या बाजूचे सराला बेट ही दोन्ही गोदावरीच्या पात्राशी निगडित स्थाने आहेत, आणि दोन्ही धर्मस्थाने आहेत. सराला बेटाची ख्याती गंगागिरी महाराजांमुळे आहे. या नावांत भूगोल आहे, पण त्याबरोबर आणखी एक छटा आहे: वस्तीपासून अलग, साधूच्या किंवा देवाच्या वास्तव्यामुळे मर्यादा घातली गेलेली जागा. ही छटा मनात धरली की लातूरकडील दोन्ही बेटांचा उलगडा होऊ लागतो. एका बेटावर समाधी आहे, दुसरे नागनाथाच्या नावाशी जोडलेले आहे. दोन्हीही सपाट शिवाराच्या सागरात एकटी उभी आहेत. दोन्हींवर झाडी आहे. म्हणजे 'पुंजका' हा अर्थही तेथे लागू पडतो. जुन्या कन्नड थरातील 'बेट्ट' ची स्मृती या प्रयोगाच्या तळाशी असेलही. पण त्या स्मृतीवाचूनही मराठी शब्द आपल्या बळावर या टेकड्यांपर्यंत पोचू शकतो. एकाच प्रवाहाला तीन झरे मिळाले, असे म्हणणे हे सध्या तरी सर्वांत सुरक्षित अनुमान होय.

या अनुमानातून एक गोष्ट निष्पन्न होते. बेट हे उंचीचे नाव नाही. उंचीला मराठीत टेकडी, डोंगर, माळ, बरड, टेंभा असे किती तरी शब्द आहेत आणि लातूरच्या बोलीत त्यांतील बहुतेक नांदतात. बेट हे वेगळेपणाचे नाव आहे. जेथे नांगर चालत नाही, जेथली झाडी सभोवारच्या शेतांहून निराळी दिसते, आणि जेथे देवाचा धाक असल्यामुळे कुऱ्हाड सहसा उचलली जात नाही, ती जागा म्हणजे बेट. सह्याद्रीच्या बाजूला अशा जागेला 'देवराई' म्हणतात. देवराईच्या अभ्यासकांनी मराठवाड्याकडे फारसे लक्ष दिले नाही, याचे एक कारण कदाचित एवढेच असेल की त्यांनी 'देवराई' या शब्दाचा माग घेतला आणि येथे तो शब्द नाही.

शब्दाचा अर्थ भूमीच्या मागोमाग कसा बदलतो, याचे उदाहरण 'रान' या शब्दात आहे, आणि ते काहीसे अस्वस्थ करणारे आहे. संस्कृत 'अरण्य', प्राकृत 'रण्ण', मराठी 'रान' ही परंपरा निर्विवाद आहे. मुळात रान म्हणजे वन. रानडुक्कर, रानमेवा, रानफूल, रानवाट या सामासिक शब्दांत तो अर्थ अजून शाबूत आहे. परंतु लातूर-नांदेडच्या खेड्यातील माणूस 'रानात चाललो' असे म्हणतो तेव्हा तो शेतावर निघालेला असतो. 'औंदा रान कसं हाय?' या प्रश्नाचे उत्तर सोयाबीन किंवा तूर कशी आली आहे, हे असते. 'काळं रान', 'हलकं रान', 'बागायती रान' हे सारे शेतजमिनीचे प्रकार. जंगल तुटले, त्या जागी शेत आले. लोकांनी जागेचे नाव बदलले नाही, नावाचा अर्थ बदलला. महसुली भाषेतील 'गायरान' या शब्दात जुन्या अर्थाचा एक तुकडा अडकून राहिला आहे. तेथे रान म्हणजे अजून न नांगरलेली, सर्वांच्या गुरांना मोकळी असलेली भूमी. मात्र गायरानेही ठिकठिकाणी नांगराखाली गेली आहेत. 'माळ' या शब्दाचा प्रवास याच्या जवळपासचा आहे. कालिदासाच्या मेघदूतात 'माल' हा शब्द उंचवट्यावरील शेतभूमीच्या संदर्भात येतो. मराठवाड्यात मात्र माळ म्हणजे पिकाच्या कामी न येणारी जमीन. येथे शब्द उलट दिशेने गेला.

'बेट' या शब्दावर हा प्रसंग अद्याप आलेला नाही. झाडी आणि शब्दार्थ ही दोन्ही तेथे अजून एकत्र आहेत. परंतु ती तशीच राहतील, याची हमी कोणीच देऊ शकत नाही. आणि येथे वाटेचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

पावसाळ्याच्या अखेरीस, उत्तरा नक्षत्राच्या दिवसांत, वडवळच्या बेटावर वनस्पतींच्या गुणांवर श्रद्धा ठेवून येणाऱ्यांची गर्दी होते. या श्रद्धेनेच बेट राखले, हे मान्य केले पाहिजे. मात्र वनस्पती पाहणे, तिचे पान खुडणे आणि तिला मुळासकट उपटणे या तीन क्रियांमध्ये फरक आहे, आणि गर्दीत तो पुसला जातो. सप्टेंबरमध्ये बहुतेक लहान वनस्पती फुलावर किंवा बी धरण्याच्या अवस्थेत असतात. त्या वेळी उपटलेले एक रोप म्हणजे पुढील वर्षीची कित्येक रोपे. त्याहून अधिक हानी पावलांनी होते. मुरमाड जमिनीवरील मातीचा थर बोटभर जाड असतो. तो तुडवून घट्ट झाला की पाणी मुरत नाही, वाहून जाते, आणि जाताना तोच थर घेऊन जाते. शंभर माणसे एका वाटेने गेली तर एक वाट अधिक स्पष्ट होते. तीच शंभर माणसे दहा दिशांनी गेली तर उतार उघडा पडतो. वनात पायवाट आखावयाची ती चालणाऱ्याच्या सोयीसाठी, असा समज आहे. खरे पाहता तिचे निम्मे प्रयोजन वाटेबाहेरची जमीन मोकळी ठेवणे हे असते. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात पाणी मुरण्याच्या जागेचे मोल निराळे सांगण्याचे कारण नाही.

वाटेचे शास्त्र लोकांना अवगत नव्हते असे नाही; ते त्यांच्या शब्दांतच आहे. 'वाट' हा शब्द संस्कृत 'वर्त्मन्', प्राकृत 'वट्ट' यापासून आलेला. हाच प्राकृत शब्द दक्षिणेकडे गेला आणि जुन्या कन्नडमध्ये 'बट्टे', तेलुगूत 'बाट' झाला. म्हणजे मराठवाड्याच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना लोक बराच काळ एकाच शब्दावरून चालत आले आहेत. किनवटच्या बाजूचे कोलाम ज्या कोलामी भाषेचे भाषक, तिच्यात मात्र वाटेला 'पाव' हा स्वतंत्र द्राविडी शब्द आहे. मराठीत वाट 'पडते' आणि रस्ता 'करतात'. हा क्रियापदांचा भेद वरवरचा नाही. वाट ही अनेकांच्या चालण्यातून आपोआप सिद्ध होते, तिला कर्ता नसतो. रस्ता हा फारसीतून आलेला शब्द. त्याला करणारा असतो, खर्च असतो, आणि पुढे दुरुस्तीही असते. पांदण ही या दोहोंमधली. दोन्हीकडे बांध किंवा कुंपण, मधून बैलगाडी जाईल एवढी जागा, आणि पावसाळ्यात तीच ओढा होते. शिवेवरून जाते ती शिववाट. गुरे नेण्याची वाट निराळी, पाण्याला जाण्याची पाणवाट निराळी, कोणी सहसा जात नाही ती आडवाट. गुराख्याची वाट उतारावर कधी सरळ चढत नाही. ती तिरकी जाते, वळते, पुन्हा तिरकी जाते, आणि आपण तिला नागमोडी म्हणतो. गुरांना दम लागू नये म्हणून पडलेली ही वाट पाण्याचाही वेग मोडते. बेटांवर नव्या वाटा आखणाऱ्यांनी सिमेंटच्या पायऱ्या सरळ रेषेत चढविण्यापूर्वी गुराख्याची वाट पाहून घ्यावी.

अलीकडे या क्षेत्रात नवे शब्द आले आहेत. 'ट्रेकिंग' हा शब्द खेड्यातील शाळकरी मुलेही वापरतात. 'गिरिभ्रमण' व 'पदभ्रमण' हे पर्याय छापील निमंत्रणांपुरते उरले आहेत. वनखात्याच्या फलकांवर 'निसर्ग पायवाट' असा शब्द असतो, तो चांगला आहे. दोन्ही घटक परिचित असल्याने तो वाचणाऱ्याला अडवीत नाही. त्याच खात्याचे 'निसर्ग निर्वचन केंद्र' मात्र गमतीचे आहे. निर्वचन म्हणजे शब्दाची फोड करून त्याचा अर्थ सांगणे. यास्काच्या निरुक्ताचा तो विषय. निसर्गाची माहिती देणाऱ्या दालनाला तो शब्द कोणी दिला असेल तो असो. वडवळच्या पायथ्याशी असे केंद्र उभे राहिले आणि त्यात 'बेट' शब्दाचे निर्वचन लावले, तर ते नाव सार्थ होईल.

सलग वनातील चाल ज्यांना हवी असेल त्यांनी नांदेडहून माहूरला जावे. हे अंतर एका सकाळीचे नाही, मुक्काम करावा लागतो. पण रेणुकादेवी, दत्तशिखर आणि अनसूया ही तीन स्थाने डोंगरांच्या तीन माथ्यांवर असून त्यांच्या भोवती सागाचे वन आहे, आणि श्रावण पौर्णिमेला तेथे जी परिक्रमा होते ती भर पावसाळ्यातील वनवाटच होय. हजारो भाविक ती पायी करतात. त्यांतील कोणाला आपण वनभ्रमण करीत आहोत असे वाटत नसावे. तथापि ओढे कोठे ओलांडावे, चिखलाच्या चढावर पाऊल कसे टाकावे, याचे ज्ञान त्या वाटेवर एका पिढीकडून दुसरीकडे जात असते. परिक्रमेचा नियम असा की देव उजव्या हाताला ठेवून एकाच दिशेने फिरावयाचे. समोरासमोर येणाऱ्यांची अडचण त्यामुळे होत नाही आणि वाट रुंदावत नाही. आधुनिक उद्यानांत एकेरी वर्तुळाकार वाटा आखतात त्याचेही हेच कारण आहे.

या भागात चालण्यास योग्य काळ आषाढाच्या अखेरीपासून पौषापर्यंतचा. फाल्गुनानंतर गवत वाळते, सावली उरत नाही आणि पारा चाळिशीच्या पुढे जातो. वणव्याचे भयही तेव्हाच. त्या दिवसांत पळस फुललेला पाहावयाचा असेल तर उजाडताच निघून नऊच्या आत परतावे. पाणी बरोबर न्यावे, कारण बेटावर झरा असतोच असे नाही. पायात जाड तळाचा जोडा असावा. बाभळीचा काटा पातळ तळातून सरळ वर येतो. खडकाच्या कपारीत आग्या मोहोळ असेल तर धूर, आरडाओरड व उग्र अत्तर यांपासून दूर राहावे. आणि वाटेत भेटणाऱ्या गुराख्याला झाडांची नावे अवश्य विचारावीत. तो सांगेल त्यांतील कित्येक नावे कोशात नाहीत. ती लिहून घेताना गाव, महिना आणि झाड फुलावर होते की नाही एवढे टिपून ठेवले, तर वनस्पतिशास्त्रज्ञाला आणि भाषाशास्त्रज्ञाला, दोघांनाही त्या टिपणाचा उपयोग होईल.